पुस्तक गाजलेलं, तरी चर्चा वीस मिनिटांत का संपते? वाचनगटासाठी पुस्तक आणि विषय निवडायचा कसा?

वाचनगट सुरू करणं सोपं आहे. व्हॉट्सॲपवर ग्रुप बनतो, कुणीतरी पुस्तक आणि चहाच्या कपाचा फोटो डीपीला लावतं, पोल टाकला जातो आणि पोलमध्ये ‘मृत्युंजय’ जिंकतं. पहिल्या महिन्यात चौदा जण येतात, दुसऱ्या महिन्यात सहा. तिसऱ्या महिन्यात ‘या रविवारी जरा अडचण आहे’ असे मेसेज पडतात आणि मग ग्रुपवर उरतात ती गुड मॉर्निंगची फुलं.

याचं खापर बहुतेक वेळा ‘हल्ली कोण वाचतंय’ या वाक्यावर फोडलं जातं. पण जरा विचार करा. लोकांनी स्वतःहून नंबर दिला होता, काहींनी पुस्तक विकतही घेतलं होतं. वाचायची इच्छा नसलेला माणूस एवढं करत नाही. गाडी अडते ती दोन ठिकाणी. पुस्तक कोणतं घ्यायचं हे ठरवताना, आणि ते वाचून झाल्यावर नेमकं कशावर बोलायचं हे ठरवताना.

चांगलं पुस्तक आणि बोलण्याजोगं पुस्तक

१९९८ सालची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या सिएटल शहरात नॅन्सी पर्ल नावाच्या ग्रंथपाल बाईंच्या पुढाकारानं एक उपक्रम सुरू झाला. अख्ख्या सिएटलनं एकच पुस्तक वाचलं तर काय होईल, अशी त्यामागची कल्पना. पुढे शिकागोनं २००१ मध्ये ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ घेऊन हाच प्रयोग केला आणि मग तो अनेक शहरांत पसरला.

आपल्या कामाची गोष्ट आहे ती सिएटलनं निवडलेल्या पहिल्या पुस्तकाची. रसेल बँक्स यांची ‘द स्वीट हिअरआफ्टर’ ही कादंबरी. एका छोट्या गावात शाळेच्या बसला अपघात होतो, मुलं दगावतात आणि पुढे काय झालं हे चार वेगवेगळी माणसं सांगतात. घटना एक, सांगणारे चार. वाचणाऱ्यांपैकी कुणाला एकाचं पटतं, कुणाला दुसऱ्याचं. म्हणजे चर्चेची सोय पुस्तकाच्या बांधणीतच आहे.

आता याच्या शेजारी पु. लं.चं ‘व्यक्ती आणि वल्ली’ ठेवा. मराठीतल्या सगळ्यात लाडक्या पुस्तकांपैकी एक. वाचनगटात ते घेतलं की काय होतं? प्रत्येक जण आपला आवडता उतारा म्हणून दाखवतो, सगळे हसतात, ‘काय माणूस होता’ असं दोनदा म्हणून होतं आणि विसाव्या मिनिटाला कुणीतरी सामोसे मागवायचा विषय काढतं. पुस्तकात दोष काहीच नाही. फक्त त्याच्याबद्दल सगळ्यांचं मत एकच आहे आणि एकमत झालेल्या गोष्टीवर माणसं फार वेळ बोलत नाहीत.

म्हणून पुस्तक निवडताना ‘हे चांगलं आहे का?’ याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा. यावर आपल्यातल्या दोन शहाण्या माणसांचं पटणार नाही, अशी जागा या पुस्तकात आहे का?

ती जागा लाडक्या पुस्तकातही सापडते बरं का. ‘व्यक्ती आणि वल्ली’ घ्यायचंच असेल तर विषय असा ठेवा की या वल्लींमध्ये बायका कुठे आहेत? किंवा, आपल्याला हसवणाऱ्या या माणसांपैकी मुळात एकटी किती जण आहेत? अंतू बर्वा मग वेगळाच दिसायला लागतो. सामोसे जरा उशिरा येतात.

‘लेखकाला काय सांगायचं आहे?’ हा प्रश्न शाळेतच राहू द्या

आपल्या सगळ्यांवर मराठीच्या पेपरचा एक संस्कार आहे. रसग्रहण करा, मध्यवर्ती कल्पना लिहा, संदेश सांगा. वाचनगटात विषय ठरवताना नकळत तेच येतं. ‘श्यामची आई : मातृप्रेमाचा महिमा’ असा विषय ठेवला की पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. आई थोर होती, आजच्या पिढीला संस्कार नाहीत, मोबाईलनं वाट लावली. पुस्तक न वाचताही हे बोलता येतं आणि खरी गडबड तिथेच आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर पुस्तक न उघडता देता येतं तो प्रश्न वाचनगटाच्या उपयोगाचा नाही.

‘श्यामची आई’ वाचनगटासाठी खरं तर फार भारी पुस्तक आहे. साने गुरुजींनी त्याचा मोठा भाग नाशिकच्या तुरुंगात असताना लिहिला. प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलंय, अशा बेचाळीस रात्री आहेत, त्यामुळे वाटून घेऊन वाचणंही सोपं. आणि त्यात अशा जागा आहेत की आजचा वाचक अडखळतोच.

पोहायला जायला घाबरून श्याम लपून बसतो आणि आई त्याला मारून विहिरीवर पाठवते. आज आपण याला काय म्हणू? गटात एखादी शिक्षिका असेल, लहान मुलांचे आईबाप असतील, लहानपणी मार खाल्लेले तर असतीलच. तिघांची उत्तरं वेगळी येतात.

दुसरी जागा त्याहून अवघड आहे. एका म्हातारीची लाकडांची मोळी खाली पडलेली असते. ती महार समाजातली, म्हणून तिला उचलू लागायला कुणी पुढे होत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे. आणि त्याच दमात, परत आल्यावर अंघोळ कर असंही सांगते. करुणा आणि सोवळं एकाच बाईच्या तोंडी, एकाच वेळी. आता याच्या पुढे एक तारीख ठेवा. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले. मागणी होती, विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांसाठी खुलं करा. मग विषय असा होतो : अंघोळ करायला सांगणारी आई आणि उपोषणाला बसलेला मुलगा यांच्यात अंतर किती, आणि ते अंतर कापण्यात आईचा वाटा किती?

या प्रश्नावर तास पुरत नाही. कुणी म्हणेल, आईनंच बीज पेरलं. कुणी म्हणेल, मोळी उचलून दिली पण शिवाशिव जशीच्या तशी राहिली, याला बीज कसं म्हणायचं? दोघांनाही आपलं म्हणणं पुस्तकात दाखवावं लागतं. कोण काय बोललं, कोणत्या रात्री बोललं, हे शोधत पानं उलटली जातात.

एक विषय, दोन पुस्तकं

काही वेळा एकट्या पुस्तकात वाद नसतो, पण शेजारी दुसरं पुस्तक ठेवलं की तो सुरू होतो. पोलमध्ये दर वेळी जिंकणाऱ्या ‘मृत्युंजय’चं असंच आहे. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ ची. योगायोग असा की इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ हेही त्याच वर्षीचं. ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे एकूण सहा जण बोलतात, पण पुस्तकाचा जीव कर्णावर आहे आणि वाचणाऱ्याचाही जडतो. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ. त्या महाभारतातल्या माणसांकडे भक्त म्हणून पाहत नाहीत आणि कर्णालाही सवलत देत नाहीत.

दोन्ही हाती घ्या आणि एवढंच विचारा : द्रौपदीला भर सभेत ओढून आणलं तेव्हा कर्ण काय बोलला, आणि ही दोन पुस्तकं त्या क्षणापाशी किती वेळ थांबतात? ‘युगान्त’मधली प्रकरणं सुटी वाचता येतात, त्यामुळे ‘मृत्युंजय’ आधीच वाचलेल्या गटाला फार जादा वाचावंही लागत नाही.

अशीच एक जोडी मला स्वतःला फार आवडते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि सुनीताबाई देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’. दोघींचे नवरे महाराष्ट्राचे लाडके. रेव्हरंड टिळक कवी, आणि पु. ल. तर पु. ल.च. लक्ष्मीबाईंचं पुस्तक १९३० च्या दशकात आलं, तोवर टिळकांना जाऊन पंधरा वर्षं उलटली होती. सुनीताबाईंचं १९९० मध्ये आलं तेव्हा पु. ल. हयात होते. नवरा हयात असताना लिहिणं आणि तो गेल्यावर लिहिणं यानं बाईच्या लेखणीत काय फरक पडतो? टिळकांनी १८९५ मध्ये बायकोला न विचारता धर्म बदलला, त्याबद्दल लक्ष्मीबाई इतक्या हसत कशा लिहू शकतात? तो विनोद म्हणजे माफी की हिशेब? यावर घराघरांतली मतं वेगळी निघतात. नवरा-बायको दोघंही गटात असतील तर त्यांना शेजारी बसवू नका, एवढं आपलं सुचवून ठेवते.

सिनेमामुळेही जोडी तयार मिळते. ‘छावा’ सिनेमा २०२५ मध्ये आला आणि अनेकांना मूळ कादंबरी वाचावीशी वाटली. तिच्या शेजारी वा. सी. बेंद्रे किंवा कमल गोखले यांच्या संशोधनातली काही प्रकरणं ठेवली, तर कादंबरीकाराला कुठे मोकळीक आहे आणि कुठे नाही, हा प्रश्न रील्सच्या पलीकडे जाऊन बोलता येतो. तालीम म्हणून ‘बनगरवाडी’ आणि अमोल पालेकरांचा सिनेमाही चालेल. माडगूळकरांची कादंबरी छोटी, सिनेमा सहज बघण्यासारखा. दुष्काळात अख्खी वाडी पांगते, मग मास्तरनं गावासाठी केलेल्या खटपटीतून शेवटी काय उरलं, एवढा एक प्रश्न पुरतो.

एका माणसाला सगळ्या समाजाचा वकील करू नका

मराठीत वाचनगट चालवायचा आणि दलित आत्मकथनं वाचायची नाहीत, हे शक्य नाही, होऊही नये. दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’, बेबी कांबळेंचं ‘जिणं आमुचं’, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’, उर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३). यातल्या प्रत्येकावर आठवडाभर बोलता येईल. पण गटात विषय चुकतो तो इथेच सगळ्यात जास्त, आणि इथे चुकला तर माणसं दुखावतात आणि निघून जातात.

नेहमी घडणारी गोष्ट अशी. बारा जणांच्या गटात एक किंवा दोन जण दलित समाजातले. ‘बलुतं’ची चर्चा सुरू होते आणि पाचव्या मिनिटाला सगळ्यांची मान त्यांच्याकडे वळते. ‘तुमच्याकडे खरंच असं होतं का?’ विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण आपण पुस्तक वाचायला आलोय की साक्ष द्यायला, हे त्या माणसाला कळेनासं होतं. मग दुसरीकडून कुणीतरी ‘आता तसं काही राहिलं नाही’ म्हणतं आणि चर्चा संपते.

यातला बराचसा त्रास विषय नीट ठरवून टाळता येतो. ‘जातिव्यवस्था आणि आपण’ असा ढोबळ विषय ठेवला की लोक आपापली मतं काढतात, पुस्तक बाजूला राहतं. त्याऐवजी पुस्तक कसं लिहिलंय तिथून सुरुवात करा. ‘बलुतं’मध्ये दगडू पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. माणूस एकच, मग त्याचे दोन का केले? दगडूचं कोणतं म्हणणं दया पवारांना जड जातं? बेबी कांबळेंनी ‘जिणं माझं’ न म्हणता ‘आमुचं’ का म्हटलं? त्या पुस्तकात ‘मी’ कुठे येते आणि ‘आम्ही’ कुठे?

किंवा ‘बलुतं’ आणि ‘आयदान’ एकत्र ठेवा. एकाचं गाव अकोले तालुक्यातलं, दुसरीचं कोकणातलं. दोघंही मुंबईत येतात. गाव सोडल्यावर काय सुटलं आणि काय मुंबईपर्यंत मागोमाग आलं? बाईला मुंबईत जे सहन करावं लागलं त्यातलं किती पुरुषाच्या पुस्तकात दिसतं? या प्रश्नांची उत्तरं पानांत आहेत. शेजारी बसलेल्या कुणाच्या आडनावात ती शोधावी लागत नाहीत. ज्याला स्वतःचा अनुभव सांगावासा वाटेल तो आपणहून सांगेलच.

हेच घटस्फोट, आजारपण, आत्महत्या अशा विषयांवरच्या पुस्तकांनाही लागू आहे. पुस्तक जाहीर करताना त्यात काय आहे हे एका ओळीत सांगून ठेवावं. त्यानं गोष्ट फुटत नाही, आणि ज्याला तो महिना गाळायचा असेल त्याला गाळता येतो.

आता व्यवहाराचं बोलू

दिवसाला दहा पानं, महिन्याला तीनशे. नोकरी, लोकल, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास हे सगळं धरून बहुतेकांचं गणित इथेच थांबतं. लग्नसराई आणि परीक्षेच्या महिन्यांत तेवढंही होत नाही. त्यामुळे नव्या गटानं दीडशे-दोनशे पानांच्या वर जाऊ नये असं माझं मत. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही १९३९ ची कादंबरी एवढीशी आहे, बोटीवर घडते आणि तिच्यावर बोलायला दोन बैठका कमी पडतील. मोठी कादंबरी घ्यायचीच तर दोन महिने द्या, आणि पहिल्या बैठकीला कुठल्या पानापर्यंत वाचून यायचं ते आधी सांगा.

दुसरी अडचण प्रतींची. बारा जणांना एकाच महिन्यात एकच मराठी पुस्तक मिळणं हे वाटतं तेवढं सोपं नाही. जुनी आवृत्ती संपलेली असते, नवी ‘लवकरच’ येणार असते. पोल टाकायच्या आधी दोन दुकानांत आणि जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात फोन करा. महाराष्ट्रात गावोगावी अ, ब, क, ड वर्गाची ग्रंथालयं आहेत. तिथल्या ग्रंथपालांना पुढच्या तीन महिन्यांची यादी दिली तर काही प्रती तरी राखून ठेवता येतात का, हे विचारायला काय हरकत आहे? नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेत पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत जातात. ती पद्धतही समजून घेण्यासारखी आहे.

आणि हो, पीडीएफ. ‘कुणाकडे पीडीएफ आहे का?’ हा मेसेज प्रत्येक गटात येतोच. नियम सोपा आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत स्वामित्व हक्क असतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, लक्ष्मीबाई १९३६ मध्ये. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची, ताराबाई शिंद्यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ ची. मूळ मजकूर म्हणून ही पुस्तकं आता कुणीही मोफत वाचू आणि वाटू शकतं. लंडन किंवा न्यू जर्सीतून ऑनलाइन सामील होणाऱ्या मराठी मंडळींना तर हीच सगळ्यात सोयीची. त्यात ‘स्त्री-पुरुष तुलना’ एका दुपारी वाचून होते आणि पुढचे दोन आठवडे ग्रुप शांत बसत नाही. पण हयात लेखकाच्या पुस्तकाची स्कॅन केलेली फाइल ग्रुपवर फिरवणं हा प्रकार वेगळा. मराठीत आवृत्त्या मुळात छोट्या असतात. बारा प्रती ही तिथे लहान संख्या नाही.

पुस्तक ठरवायचं कुणी?

पोलचा दोष असा की त्यात लोक ऐकलेलं नाव निवडतात. त्यामुळे तीच पाच-सहा पुस्तकं पुन्हा पुन्हा येतात आणि कविता महाजनांची ‘ब्र’ कधीच जिंकत नाही. पाळी लावणं त्यापेक्षा बरं. ज्याची पाळी त्यानं तीन पुस्तकं सुचवायची, बाकीच्यांनी त्यातलं एक उचलायचं. सुचवणाऱ्यानं स्वतः ते वाचलेलं असावं आणि तीन प्रश्न त्यानंच काढावेत. बैठकीत मात्र त्यानं शेवटी बोलावं, नाहीतर वकिली सुरू होते. गटात एखादा लेखक असेल तर त्याचं स्वतःचं पुस्तक घेऊ नये. या नियमावर थोडी नाराजी होईल. होऊ द्या.

अगदी नवा गट असेल तर कादंबरीच्या भानगडीत पडूच नका. एक कथा घ्या. बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ बैठकीतच मोठ्यानं वाचता येते, मग ‘वाचून आलो नाही’ म्हणून कुणी घरी बसत नाही. दिवाळीच्या सुमारास एखाद्या दिवाळी अंकातल्या दोन कथा घ्या. त्या सगळ्यांनाच नव्या असतात, कुणाचं आधी ठरलेलं मत नसतं.

किंवा नाटक घ्या. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ भूमिका वाटून वाचायला घ्या. खोटा खटला खेळता खेळता सगळे मिळून लीला बेणारेवर तुटून पडतात. वाचणाऱ्यांनाही ते बोलावं लागतं, काशीकर, सुखात्मे, पोंक्षे होऊन. वाचन झालं की पाणी प्या आणि प्रश्न टाका : हा खेळ नेमका कोणत्या वाक्याला थांबायला हवा होता, आणि तो थांबवू शकेल असं त्या खोलीत कोण होतं? उत्तर देताना प्रत्येकाला आपल्या प्रतीत ते वाक्य शोधून बोट ठेवायला सांगा.